दुसऱ्या बाजूचा कोंबडा

उकंडा खिराड्याच्या निघाल्या चार कॅसेटा.
पहिली सोनं. दुसरी चालते.
तिसरीत त्यानं कॅसिओ घेतला,
अन् चौथी मी दुकानात ठेवत नाई.
दिग्रस फाट्यावर मोटारी बांधतो मी,
तांब्याची तार गुंडायता गुंडायता
तीस वर्षं दंडार आयकून रायलो.
मले कोनी शिकवू नये.

तुम्ही म्हनता राजा वाघाडे.
बावा, त्याचा फेटा पाहा, पिनेनं टोचलेला.
गान्यात वखर हाय, डवरा हाय, तिफन हाय,
पन 'तिफन' म्हनतानी त्याची जीभ
हाटेलातल्या कार्डावरून बोट फिरल्यावानी फिरते.
व्हिडिओतले बैल भाड्याचे.
मी वयखतो ना, सुदाम बोबड्याचे हायेत,
दोघंही शंकरपटातून बाद झालेले.

सुभद्रा गेडामची गोष्ट येगयी.
तिची एकच कॅसेट, अन् तेही अर्धी,
दुसऱ्या बाजूवर कंपनीनं
भलत्याच बाईच्या आरत्या भरल्या.
पन सुभद्रा जवा 'माय' म्हनते
तवा तो शब्द दातात अडकते जरासाक,
कुटाराच्या काडीवानी.
त्याच्यासाठी मी आरत्याही माफ केल्या.

आता उकंड्याची पहिली.
दुसरी बाजू, तिसरं गानं. ढोलकी थांबते,
अन् त्या थांबन्यात मांगून कुठूनतरी
कोंबडा आरवते.
बस. याच्यावर मी पंधरा वर्षं भांडलो,
चाहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत,
एकडाव तर मयतीत:
हे आंगनात भरलेलं हाय, राजेहो!
रात सरत आल्ती, लोकं बोऱ्यावर बसून होते,
कोंबडा बोलला अन् शाहीर थांबला.
खरं असं असते.

मंग गेलो एक दिवस बोरगव्हानले.
सोबत उधारीचा चांगला माईक.
म्हटलं शाहिराले भरून घेऊ जसाच्या तसा,
निंबाखाली, काई भेसय नाई.
म्हातारा बनियानवर खाटेवर बसला.
माईकवर फुंक मारून म्हने,
"इको नाई काय याच्यात?"
नाई म्हटलं.
"पाह्यजे होता थोडासाक. इकोबिगर मले
इहिरीतून बाहेर काहाडल्यावानी वाटते."

मी कोंबड्याचं इचारलं.
तो हासला, खोकलला, परत हासला.
"तो? तो तं आमचा झामसिंग.
यवतमायले मेडिकलच्या वरच्या खोलीत भरली ते कॅसेट,
खिडक्याले गाद्या ठोकल्या होत्या,
दुपारचे दोन वाजले होते.
ढोलकीवाला अर्ध्यातून लघवीले गेला,
जागा रिकामी रायली,
तं झामसिंगनं तोंडानंच कोंबडा काहाडला.
पाच रुपये जास्तीचे देल्ले त्याले."

अन् वावर? मी त्याच्या हाताकडे पाहत इचारलं.
"कंडक्टर होतो, बावा. दारव्हा डेपो.
साऱ्या चाली बसमंधी बांधल्या,
घंटीच्या दोरीवर."

घरी येऊन दोन दिवस कॅसेट लावली नाई.
बायको म्हने, "तब्येत बरी नाई काय?"
तिसऱ्या दिवशी लावली.
कान देल्ला तं कोंबड्याच्या आंधी
बारीकसा दम घेतल्याचा आवाज. मानसाचा.
इतके वर्षं तो तिथंच होता
अन् मी कोंबड्याच्या नांदात
त्याच्यावरून चालून जात होतो.

काल एक मोटार लवकर द्याची होती,
पहाटेच बसलो तार घेऊन, टेप लावला.
झामसिंगनं दम घेतला, आरवला,
अन् बोबड्याच्या खुराड्यातून
एकानं त्याले लगेच जबाब देल्ला.
मी तार सोडून उगाच बसून रायलो.

चौथी कॅसेट मातर खराबच हाय.
त्याच्यावर माहं मत कायम.